फाट्याच्या अलीकडे मार्था

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. ज्या दोघांना सांगायला हवं होतं त्यातला एक माणूस आता राहिला नाही, आणि दुसरीसमोर मी गेल्या महिन्यातच उभा होतो – तोंड बंद ठेवून. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणूनच कदाचित तुम्हाला सांगता येईल. बघू, जमतं का.

मी आमच्या वस्तीतला पहिला पदवीधर आहे. हे वाक्य मी इतक्या ठिकाणी म्हटलंय की आता ते आपोआप तोंडातून येतं. बाप ट्रकवर क्लीनर होता, आई दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायची. मी बी.ए. झालो तेव्हा विहारासमोर मंडप टाकला होता, आणि बापाने आयुष्यात पहिल्यांदा इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला त्याचा अभिमान आहे. खोटं कशाला बोलू – आजही आहे. पण ते ‘पहिला’ कसं झालं, ते कोणी विचारत नाही. विचारावं असं त्यात काही दिसतच नाही ना.

आमची वस्ती पांढरकवड्याच्या अलीकडे, हैदराबादच्या हायवेवरून आत जाणाऱ्या फाट्यापासून चालत जाण्याइतकी. बहुतेक घरं बौद्ध. टोकाला चार-पाच घरं ख्रिस्ती. आमच्या आजोबांनी छप्पन्ननंतर बुद्ध धरला, त्यांच्या आजोबांनी त्याच्याही आधी मिशनवाल्यांचा येशू धरला होता. मूळ भावकी एकच. लग्नात जेवायला एकमेकांकडे, मयतीला खांदा एकमेकांना. फरक एवढाच, की आम्हाला जातीचा दाखला मिळायचा आणि त्यांना मिळायचा नाही. ख्रिस्ती झालात, आता तुम्हाला जात नाही – असं सरकारी कागद म्हणायचा. गावातला पाटील तसं म्हणत नव्हता. गावातल्या हॉटेलातला कपही तसं म्हणत नव्हता.

म्हणून त्या घरांतल्या पोरांना दोन नावं असायची. एक घरचं, एक दाखल्यावरचं. आणि आमच्या सगळ्या वस्तीला एक शिस्त होती – कोणी शिकवलेली नाही, पण आईच्या दुधासोबत मिळालेली. फाट्याच्या अलीकडे घरचं नाव, फाट्याच्या पलीकडे दाखल्यावरचं. एस.टी.त पाय ठेवला की जॉनचा जनार्दन व्हायचा. पाच वर्षांचं पोरही चुकत नसे. आमच्यात आपसांत भांडणं होत, डोकी फुटत, पण भांडणातही कोणी फाट्यापलीकडे कोणाचं घरचं नाव काढलं नव्हतं. कोणीच नाही.

मार्था माझ्यापेक्षा एक वर्षाने मोठी. फाट्यापलीकडे मालती. (दोन्ही नावं मी इथे बदलली आहेत. खरी याच जातकुळीतली होती एवढं समजा. एकदा केलं तेवढं पुरे.) आम्ही एकाच बसने पांढरकवड्याच्या शाळेत गेलो, पुढे यवतमाळच्या एकाच कॉलेजात. ती मागासवर्गीय मुलींच्या वसतिगृहात राहायची, मी मुलांच्या. ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, मी मधल्या. म्हणजे आता तुमच्या लक्षात आलंच असेल – पहिली पदवीधर ती होणार होती. वस्तीत ते सगळ्यांना माहीत होतं. मंडपाचं बोलणंही झालं होतं.

इतिहासाला आम्हाला गावंडे सर होते. कापसाच्या शेतकऱ्याचा मुलगा, पायात कायम प्लास्टिकचे सँडल, आणि डोक्यात – लॅटिन. यवतमाळात कोणाला लॅटिन येतं हे ऐकून लोक हसायचे. सर लहानपणी एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडे ते शिकले होते, आणि त्यांना नाद होता नावांचा. रोमन लोकांच्या दगडांवर कोरलेली नावं. त्यातली कोणती मुळात रोमन नव्हतीच, हे शोधण्याचा. रविवारी सकाळी रिकाम्या वर्गात ते आम्हा दोन-चार जणांना घेऊन बसायचे.

आज हे कोणाला सांगितलं तर वाटेल, या पोरांना त्याचं काय? पण तुम्ही तिथे बसायला हवं होतं. सर फळ्यावर लिहायचे – मारिया, मार्था, थोमास, योहानेस, अन्ना, सुसन्ना. रोमन लिपी, लॅटिनचे प्रत्यय, सगळा थाट रोमन. आणि मग एकेकाची टोपी काढायचे. थोमास म्हणजे अरामी भाषेत जुळा. सुसन्ना म्हणजे हिब्रूतलं कमळासारखं एक फूल. मार्था म्हणजे अरामीत घराची मालकीण. योहानेस, अन्ना आणि रोमचा शत्रू हॅनिबल – तिघांच्या पोटात एकच शब्द, कृपा. “रोमने ज्याला आयुष्यभर मारायला पाहिलं,” सर म्हणायचे, “त्याच्याच नावाचा तुकडा घेऊन पुढे रोममधल्या बाया अंगाई गात होत्या.” पांढरकवड्याच्या ट्रक स्टँडवर पंक्चर काढणारा युसूफ आणि आमच्या वस्तीतला जोसेफ हे एकच नाव आहे, हे मला तिथे कळलं. माझं मिलिंदही एका ग्रीक राजाचं नाव, पालीतून आलेलं. मी घरी सांगितलं तर आई म्हणाली, “मंग आता काय तिकडे जाशीन का?”

सरांनी आम्हाला काम वाटून दिलं होतं; माझा भाग आफ्रिकेचा होता. हॅनिबलचं कार्थेज शहर पडल्यावर तिथल्या लोकांवर रोमचं राज्य आलं. त्यांची भाषा प्यूनिक, हिब्रूची बहीण. त्यांच्यात मत्तान नावाचे पुष्कळ होते – म्हणजे देणगी, देवाने दिलेला. पुढे पुढे त्या भागातल्या दगडांवर डोनाटस नावाचे लोक दिसायला लागतात. डोनाटस – लॅटिनमध्ये दिलेला. नाव तेच, फक्त कपडे बदललेले. मी आठवडाभर ग्रंथालयात बसून ते जुळवलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली तेव्हा मला वाटलं होतं, आपण काहीतरी आहोत.

मार्था मात्र पायऱ्या उतरताना म्हणाली, “म्हणजे त्याईचाबी फाटा होता.”

हे वाक्य तिचं आहे. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे ते माझं झालं.

त्या रविवारी तिने माझ्यासमोर सरांना स्वतःचं घरचं नाव सांगितलं. स्वतःहून. फाट्यापलीकडे तिने ते पहिल्यांदाच उच्चारलं असेल. सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, “हे मी ऐकलं आणि इथेच ठेवलं.” त्यानंतर आजूबाजूला माझ्याशिवाय कोणी नसलं की ते तिला मार्था म्हणायचे, आणि ती अशी हसायची की – जाऊ द्या.

आता येतो. किती फिरलो, तुमच्या लक्षात आलं असेल.

नागपूरला इतिहासाची परिषद होती. विद्यार्थ्यांनी निबंध वाचायचे. सरांनी आमचं सगळं काम एकत्र केलं – सेमिटिक, म्हणजे हिब्रू-अरामी-प्यूनिक मुळांची लॅटिन नावं – आणि सांगितलं, मालती वाचेल. एकच जण वाचू शकत होता. मी वाट पाहिली की ती म्हणेल, सर, आफ्रिकेचं मिलिंदने केलंय, त्यालाच वाचू द्या. निदान माझ्याकडे बघेल. ती सरांकडे बघत होती. बाहेर आल्यावर मी काही बोललो नाही, तर मलाच चिडवायला लागली.

“काहून रे, तोंड उतरलं? चाल ना संग. मले पाणी द्याले कोणी तं पाह्यजे.”

गंमत होती. दुसऱ्या कोणत्याही दिवशी मी तिला उलट चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी मला वाटलं – दगा दिला. दोघांनी मिळून दिला. माझ्या घामावर ही नागपूरला जाणार, आणि मी पाणी देणार. मला खरंच तसं वाटलं होतं हो. वस्तीत माझ्या आधी हिचा मंडप, परिषदेत माझ्या आधी हिचं नाव. फसवल्यासारखं वाटण्यात एक सुख असतं, ते तुम्हाला माहीत आहे का? त्यात माणूस काहीही करू शकतो आणि त्याला ते न्याय वाटतो.

एस.टी. स्टँडसमोरच्या टपरीवर माझ्या वर्गातला पवन चहा पीत बसला होता. तो बहिणीबद्दल बोलत होता, तिला मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली नव्हती, ती रोज दारव्ह्याहून ये-जा करून राह्यली होती. आणि मी म्हणालो, “जागा कशा भेटतीन बे? ज्याईले मिळाले नाही पाह्यजे ते घुसून बसले. आमची मालती नाही का. तिचं खरं नाव मार्था हाय. घरी गेली का चर्चमधी जाते.”

कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते तोंडातून निघालं. निघालं नव्हतं. मी आधी कप खाली ठेवला. आजूबाजूला कोण आहे ते पाहिलं. मग बोललो. पवन पुढे काय करणार हे मला पुरतं ठाऊक होतं, आणि तो ते करेल म्हणूनच मी त्याला निवडलं. दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर नुसती चर्चा झाली असती.

तक्रार गेली. वसतिगृहाच्या बाईंनी तिला बोलावलं. तिच्या वस्तीचं, घराचं, प्रार्थनेचं विचारलं. ती खोटं बोलू शकली असती, वस्ती तिच्या मागे उभी राहिली असती – आमच्या बुद्धवंदनेला तिला पुढच्या ओळीत बसवून फोटो काढला असता लोकांनी. पण तिला थेट विचारलं, तुझं नाव मार्था आहे का. आणि तिने सांगितलं, हो.

का सांगितलं असेल? मी यावर खूप विचार केलाय. मला वाटतं, कोणीतरी आपलं नाव इतकं स्पष्ट उच्चारलं म्हटल्यावर, ते आपल्याच माणसाकडून आलंय हे तिला तिथल्या तिथे समजलं असणार. मग कशासाठी लढायचं.

खोली गेली. दाखल्याचीही चौकशी लागणार अशी बोलणी सुरू झाली, तिचा बाप घाबरला, म्हणाला चाल घरी. परीक्षा तोंडावर होती. मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. हो, मीच गेलो. तिची पेटी मी उचलली. फलाटावर ती मला म्हणाली, “तीन जणाईले माहीत होतं इथं. मले, तुले, अन् सराईले.” मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत संशय नव्हता, तेच तर सांगतोय. ती माझा संशय घेऊच शकत नव्हती. मी वस्तीचा होतो. फाट्याच्या आतला.

“सरच असतीन,” मी म्हणालो.

ती बसमध्ये चढली.

सरांना कळलं तेव्हा ते वेडेपिसे झाले. प्राचार्यांकडे गेले, वसतिगृहाच्या बाईंकडे गेले. कोणी दाद दिली नाही. मग मला म्हणाले, चल, तिच्या घरी जाऊ, परीक्षेला तरी बसू दे, माझ्याकडे राहील, माझी बायको आहे घरी. आम्ही गेलो. मार्थाच्या आईने अंगणात बाज टाकली, पाणी दिलं आणि सांगितलं, पोरगी मामाकडे मुकुटबनला गेली. आत दाराच्या फटीतून तिची ओढणी दिसत होती. सरांनाही दिसली. ते बसून राहिले. ऊन त्यांच्या पायांवरून छातीपर्यंत चढलं तरी बसून राहिले. शेवटी म्हाताऱ्या आईने म्हटलं, “सर, तुमी मोठे माणसं. आमच्या पोरीनं तुमचं काय घोडं मारलं होतं?”

सर उठले. हायवेपर्यंत आम्ही चालत आलो. फाट्यावर बसची वाट बघताना त्यांनी मला विचारलं –

“मिलिंद, मी वर्गात कधी तिचं ते नाव घेतलं होतं का? तुला आठवतंय? चुकून?”

तुम्हाला वाटत असेल की टपरीवरचं ते माझं पाप. नाही. ते मी रागात केलं होतं, राग तरी होता. हे मी अगदी शांतपणे केलं. मी म्हणालो, “घेतलं असेल सर एखाद्या वेळी. लक्षात नाही.”

त्यांनी मान डोलावली. आणि मी त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांना आठवताना पाहिलं – न घडलेली गोष्ट आठवताना. एखादा तास, एखादा उल्लेख, कुठे घसरली असेल जीभ. बस आली तरी ते आठवतच होते. पुढे कधीतरी त्यांना ते सापडलं असावं, कारण पुन्हा त्यांनी मला विचारलं नाही. रविवारचे तास बंद झाले. लॅटिन पुस्तकं कुठे गेली माहीत नाही. निवृत्त होईपर्यंत ते शिवकाल शिकवत राहिले, पुस्तकात बघून.

नागपूरला मी गेलो. निबंध मी वाचला. मत्तान आणि डोनाटस माझे होतेच, पण त्या दिवशी मी मार्थाचा भागही वाचला, आणि शेवटी तिच्या हातचं वाक्य – की प्रत्येक जिंकल्या गेलेल्या लोकांचा एक फाटा असतो, त्याच्या अलीकडे ते स्वतःचे असतात. सभागृहात टाळ्या पडल्या. कोणी मोठे प्राध्यापक उठून म्हणाले, ही दृष्टी ग्रामीण भागातूनच येऊ शकते. मी हात जोडले.

पुढच्या वर्षी मी पदवीधर झालो. वस्तीतला पहिला.

मार्थाचं लग्न वणीकडे झालं. नवरा वारला, मग ती परत वस्तीत आली, अंगणवाडीत मदतनीस आहे. मी पांढरकवड्यात ज्युनिअर कॉलेजला शिकवतो. आमचं बोलणं कधी तुटलं नाही. तिच्या नवऱ्याच्या मातीला मी होतो, माझा बाप गेला तेव्हा त्याच्या पुण्यानुमोदनाला तिने चुलीवर भाकरी टाकल्या. मला भाऊ मानते ती.

गेल्या महिन्यात विहारात पास झालेल्या पोरांचा सत्कार होता. पाहुणा मीच, नेहमीसारखा. मार्थाची मुलगी बारावीला तालुक्यात वर आली होती. माईकवर गुणपत्रिका बघून तिचं दाखल्यावरचं नाव पुकारलं गेलं. मी तिला फूल दिलं. कार्यक्रम झाल्यावर मार्था पोरीला घेऊन माझ्याकडे आली.

“मामाच्या पाया पड,” तिने पोरीला सांगितलं. मग मला म्हणाली, “यवतमाळले टाकतो म्हणतो हिले. वसतिगृहात. तू पालक म्हणून राह्य तिथं. दुसऱ्या कोणावर माहा भरोसा नाही.”

पोरगी घाबरत हळूच म्हणाली, “आई, तिथं माह्यं घरचं नाव...”

“मामाले ठावूक हाय सगळं. याच्यापासून काय लपवाचं? बाकी कोणासमोर काढू नको. मास्तरासमोर तं बिलकुल नाही. कितीबी चांगला असला तरी.”

मी म्हणालो, राहीन. दुसरं काय म्हणणार होतो? पोरगी मैत्रिणींकडे गेली. मार्था तिथेच उभी होती, विहारातल्या सतरंज्या गुंडाळणाऱ्या बायकांकडे बघत. मग म्हणाली, “गावंडे सर गेले म्हणतात, दिवाळीच्या आधी.”

“हो,” मी म्हणालो. “गेले.”

“तू गेलता का मातीले?”

गेलो होतो.

“आयकून लय वाईट वाटलं,” ती म्हणाली. “चांगलाच माणूस होता रे तो. एक चूक झाली त्याच्याकडून. मी चर्चमधी त्याच्या नावानं प्रार्थना केली. माफ केलं म्हटलं. एवढी वर्षं नाही करता आलं, पण गेल्यावर केलं. आता मले हलकं वाटते.”

मी तिच्यासमोर उभा होतो. ती हलकं वाटतंय म्हणाली आणि खरंच तिचा चेहरा तसा दिसत होता. मी तोंड उघडलं असतं तर तो तसा राहिला नसता – असं मी तेव्हा मनाशी म्हणालो. ते कारण नव्हतं. मी भ्यालो होतो, बस.

गावंडे सरांनी तिचं नाव कधीही, कुठेही घेतलं नव्हतं. चुकूनसुद्धा नाही. ते मी घेतलं होतं. ती जी माफी देऊन आली, ती ज्याला दिली त्याला तिची गरज नव्हती, आणि ज्याला होती त्याला ती दिलेली नाही. कॉलेज सुरू झालं की तिची मुलगी यवतमाळला जाईल. पालक मी आहे.